भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग खरंच मरते का?

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल; तिच्या गोळ्या ज्या पेटीत भरतात ते मॅगझिन, आणि आतली स्प्रिंग गोळ्या वर ढकलते. ‘कार्बाइनचं मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग ढिली पडते,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. चांगल्या पोलादाची स्प्रिंग मर्यादेत दाबून ठेवली तर सुरुवातीला किंचित बसते, मग तशीच टिकते. तिला झिजवतं ते वारंवार दाबणं-सोडणं. म्हणजे काळजीपोटी सतत भरणं-रिकामं करणंच उलट जास्त झीज करतं.

गोळी अडकण्यामागे बरेचदा वेगळंच असतं: गोळ्या धरणाऱ्या वरच्या कडा वाकलेल्या किंवा तडकलेल्या, आत माती. रिकाम्या मॅगझिनच्या त्या कडांवरून बोट फिरवा, बारीक चीर नखाला लागते. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा टाका, गोळीबाराच्या रेंजवर गोळी अडकली की नोंदवा. तोच आकडा पुन्हा आला, तर दोष बहुधा त्याच मॅगझिनचा. ते सरावालाही ठेवू नका.