बड्रॉख (आफ्रिकान्स शब्द)

फसवणूक, लबाडी, कपट या अर्थांचे आफ्रिकान्स या डचमधून निघालेल्या दक्षिण आफ्रिकी भाषेतील नाम. शेवटचा ख घशात घासून काढायचा, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा. क्रियापद बड्रीख (फसवणे). फसवणारा तो बड्रिअर. शब्द डचमधून आलेला असून जर्मन ‘बेट्रुग’ त्याचा भाऊबंद आहे. डचमध्ये तो नपुंसकलिंगी. आफ्रिकान्सने नामांचे लिंगच सोडून दिल्यामुळे तो प्रश्न इथे उरला नाही. डच लोक पैशांच्या घोटाळ्याला लॅटिन वळणाचा ‘फ्रौडे’ हा शब्दही सर्रास वापरतात. आफ्रिकान्स भाषक मात्र न्यायालयात काय नि वर्तमानपत्रात काय, बड्रॉखवरच भागवतात.

भूतकाळात डच क्रियापद रूप पालटते, आफ्रिकान्समध्ये ते जसेच्या तसे राहते, फक्त आधी ‘हेट’ हे साहाय्यक क्रियापद लागते : ‘हेट बड्रीख’. पण जुने रूप पुरते मेलेले नाही. ‘बड्रुअ’ या विशेषणात ते टिकून आहे. मोठी आशा धरून गेलेला माणूस हात हलवत परतला, की तो ‘बड्रुअ’ ठरतो. इथे त्याला कोणी फसवलेले असेलच असे नाही; आपल्याकडे ‘पदरी निराशा पडली’ म्हणतात तशातलाच प्रकार.

आफ्रिकान्स समास जोडून लिहिते, त्यामुळे शब्दाचा गोतावळा मोठा आहे : सेल्फबड्रॉख म्हणजे आत्मवंचना, गेसिख्सबड्रॉख म्हणजे दृष्टिभ्रम, बड्रॉखस्पल म्हणजे लोकांना गंडवण्याचा उभा केलेला बनाव. ‘स्केन बड्रीख’ ही म्हण आपल्या ‘दिसते तसे नसते’ची सख्खी बहीण. अलीकडची भर क्यूबरबड्रॉखची, म्हणजे संगणकाच्या आधारे केलेल्या फसवणुकीची. दक्षिण आफ्रिकेच्या 2020 च्या सायबर गुन्हे कायद्यात हा स्वतंत्र गुन्हा आहे.

खरी गंमत कायद्यात आहे. 1652 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केपला (आजचे केपटाऊन) ठाणे वसवले आणि तिच्याबरोबर रोमन-डच कायदा, म्हणजे प्राचीन रोमन कायद्यावर उभी राहिलेली डच विधिपरंपरा, आला. पुढे इंग्रजांची सत्ता आली तरी त्याचा पाया हलला नाही. फसवणुकीचा गुन्हा त्यामुळे तिथे आजही मुख्यतः संहितेत नव्हे, तर जुन्या विधिपरंपरेत आणि निवाड्यांत सापडतो. त्याचे घटक चार : खोटे भासवणे (वानफोरस्टेलिंग), ते बेकायदा असणे, त्यामागे हेतू असणे आणि त्यातून दुसऱ्याचे नुकसान होणे किंवा होण्याजोगे असणे. हे ‘होण्याजोगे’ फार महत्त्वाचे. 1935 च्या डियोन्टा खटल्यात काचेचे तुकडे हिरे म्हणून खपवायचा प्रयत्न झाला होता. समोरच्याला ते हिरे नाहीत हे ठाऊक होते, तो फसलाच नाही. तरीही गुन्हा पूर्ण झाला असे ठरले. भारतात दंडसंहितेच्या कलम 420 मुळे ‘चारसोबीस’ ही शिवी बनली. 1 जुलै 2024 पासून ते कलम जाऊन न्याय संहितेचे 318 आले. आपल्या व्याख्येत मात्र समोरचा माणूस खरोखर फसावा लागतो. तो फसला नाही, तर फार तर प्रयत्नाचा गुन्हा. तिकडे खोटे बोलणाऱ्याकडे पाहतात, इकडे फसणाऱ्याकडेही.

बोलण्यात मात्र बड्रॉख जरा इस्त्री केलेला वाटतो. बाजारात किंवा घरच्या गप्पांत ‘फर्निअक’ हे क्रियापद ऐकू येते : गंडवणे, टोपी घालणे. त्याचे मूळ डच रूप अशिष्ट आहे. आफ्रिकान्समध्ये त्याची धार बरीच बोथट झाली, तरी ते सभ्य लेखनात चालत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीनेही ते उचलले, तसेच लुच्च्यासाठी ‘स्केलम’.

या फर्निअकच्या नावाचे एक ठिकाणही आहे. उत्तर केप प्रांतातला फर्निअकपान हा कोरडा, सपाट खाऱ्या मातीचा विस्तीर्ण तळभाग. दुरून तिथे पाणी चमकताना दिसते, जवळ जावे तर भेगाळलेली जमीन. 1929 मध्ये ब्रिटिश शर्यतपटू माल्कम कॅम्पबेल आपली ‘ब्लू बर्ड’ मोटार घेऊन जमिनीवरील वेगाचा जागतिक उच्चांक मोडायला याच सपाटीवर आला होता. उच्चांक काही मोडला नाही. आफ्रिकान्समध्ये सांगायचे तर तो बड्रुअ परतला.