बक्षीस लावलं की डोकं अडतं, असं का?

लोअर परळला रोज ऑफिसला जाणाऱ्या किती जणांना माहितीये की आपण जिथे एसीत बसतो तिथे एकेकाळी गिरणीचं खातं होतं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यानंतर बऱ्याचशा गिरण्या परत उभ्या राहिल्याच नाहीत. आता त्याच आवारांमध्ये जाहिरातवाले, डिझाइनवाले, सॉफ्टवेअरवाले बसतात. आधी तिथून कापडाचे तागे निघायचे, आता आयडिया निघतात आणि त्यावर घरं चालतात.

आयडियाचा हिशोब मात्र कापडासारखा नसतो. पॉल रोमर या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये हे गणितात मांडलं आणि २०१८ ला त्यांना नोबेल मिळालं. सोप्यात सांगायचं तर, एक वडापाव मी खाल्ला की तो तुम्हाला मिळणार नाही, पण वडा पावात घालून द्यायचा ही कल्पना दादर स्टेशनबाहेर निघाली असं म्हणतात, ती अख्ख्या महाराष्ट्राने उचलली, किती जणांचे संसार त्यावर उभे राहिले आणि तरी ती संपली नाही. मशीन एका वेळी एकाच कारखान्यात चालतं, कल्पनेला ती अडचणच नाही.

मग कल्पना सुचणारी डोकी तयार कशी होतात, हा प्रश्न पोटापाण्याचाच झाला ना. पण मानसशास्त्राने याकडे बरीच वर्षं बघितलंच नव्हतं. १९५० मध्ये गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या व्यवसायबंधूंसमोर भाषण केलं तेव्हा हिशोब दिला होता की सुमारे १ लाख २१ हजार लेख-पुस्तकांच्या सूचीत सर्जनशीलतेवरचे फक्त १८६. त्यांचं म्हणणं होतं की ही शक्ती मूठभर प्रतिभावंतांचीच नसते, कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांकडे असते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग. डुंकर या मानसशास्त्रज्ञाचं मेणबत्तीचं कोडं आहे, ते १९४५ मध्ये इंग्रजीत छापून आलं. तुमच्यासमोर एक मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेला खोका, आणि मेणबत्ती भिंतीवर लावायची. लोक टाचण्या मेणबत्तीतच खुपसत बसतात. उत्तर काय तर खोका रिकामा करायचा, तो भिंतीला टाचायचा आणि त्यात मेणबत्ती उभी करायची. खोका म्हणजे टाचण्या ठेवायची वस्तू हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की तो समोर असून दिसत नाही. १९६२ मध्ये ग्लक्सबर्ग या मानसशास्त्रज्ञाने हेच कोडं देऊन काही जणांना सांगितलं, लवकर सोडवा, पैसे मिळतील. त्यांना उलट बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेतीन मिनिटं जास्त लागली! आणि टाचण्या आधीच खोक्याबाहेर काढून ठेवल्या तेव्हा मात्र पैसे कबूल केलेलेच पुढे गेले. म्हणजे बक्षीस वाईट असं नाही, वाट माहीत असेल तर ते पळवतं, पण वाट शोधायची असेल तर नजर आवळून टाकतं.

लहान मुलांचं तर अजून विचार करायला लावणारं आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल. नंतर मोकळ्या वेळात या मुलांनी चित्रांना बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्माच वेळ दिला. काही न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही.

आणि आपण काय करतो, परीक्षा आली की चित्रकलेचा तास गणिताला, संध्याकाळी क्लास, सुट्टीत पण क्लास. पाठांतर हवंच, पाया कच्चा असेल तर सुचणार काय? पण त्या पायावर निवांत खेळायला वेळ कुठे देतो आपण! निदान यंदा सोसायटीच्या गणपतीत चित्रकलेची स्पर्धा न ठेवता नुसते मोठे कागद आणि रंग ठेवून बघा, नंबर नाहीत, विषय नाही, आणि शेवटी सगळ्या पोरांना न सांगता एकेक रंगपेटी द्या.