यशार केमालच्या कादंबऱ्यांमागची माती

तुर्की कादंबरीकार यशार केमाल म्हटलं की आधी 'इंजे मेमेद' आठवते. इंजे म्हणजे सडपातळ. १९५५ साली आलेली ही कादंबरी, जमीनदाराच्या जाचाला कंटाळून डोंगरात पळालेल्या आणि बंडखोर झालेल्या पोराची. पण नुसती डाकूची गोष्ट म्हणून वाचली तर ती अर्धीच हाती लागते असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्या मागे चुकुरोवाचा सगळा इतिहास उभा आहे.

चुकुरोवा हे दक्षिण तुर्कस्तानातलं अदाना शहराभोवतीचं मैदान, एकीकडे भूमध्य समुद्र, दुसरीकडे तोरोस डोंगर. दीडशे वर्षांपूर्वी तिथे बरीचशी दलदल होती आणि मलेरिया. तुर्कमेन भटक्या जमाती थंडीत मेंढरं घेऊन खाली यायच्या आणि उन्हं तापली की वरच्या कुरणांवर निघून जायच्या. ऑटोमन सरकारला हे खुपत होतं, कर वसूल होत नाही, फौजेला माणसं मिळत नाहीत, आणि त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आलेला. मग १८६५ साली सैन्य पाठवून या लोकांना जबरदस्तीने वसवलं, आणि उन्हाळा खाली काढायची सवय नसलेली माणसं मलेरियाने पटापट मेली. अवशार जमातीचा शाहीर दादालोलु याने तेव्हाच गायलं होतं की फर्मान बादशहाचं असेल, पण डोंगर आमचेच. मेमेद डोंगराकडे का पळतो ते इथे कळतं. पुढे कापसाबरोबर मोठे जमीनदार आले, त्यांना तिकडे आगा म्हणतात. दलदल आटली, जमीन आगांच्या घशात गेली आणि त्याच भटक्यांची नातवंडं मजुरीला लागली.

अशा मुलखात हेमिते गावात १९२३ साली केमाल सादिक गोकचेली जन्मला, तोच पुढे यशार केमाल. घरचे कुर्द, पहिल्या महायुद्धात पूर्वेकडच्या वान सरोवराकडून जीव वाचवत आलेले. गाव तुर्कमेन, म्हणजे घरात कुर्दिश आणि बाहेर तुर्की. लहानपणीच मेंढरू कापताना सुरी लागून एक डोळा गेला. पाच वर्षांचा असताना वडिलांचा मशिदीत, त्याच्या डोळ्यांदेखत खून झाला, आणि तो करणारा घरातच वाढवलेला मुलगा. त्यानंतर कितीतरी वर्षं हा पोरगा बोलताना अडखळायचा, पण गाणं म्हणताना नाही! तेव्हाच तो स्वतः गाणी रचायचा. एकदा गावात आलेला फेरीवाला उधारी वहीत लिहिताना दिसला, लिहिलं की विसरत नाही हे कळलं, आणि आपली गाणी टिकावीत म्हणून हा नवव्या वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेत चालत जायला लागला. मला त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

शाळा मधेच सुटली. मग भाताच्या शेतांवर पाण्याची राखण, कापूस वेचणी, ट्रॅक्टर, जे मिळेल ते काम. पण गावोगाव फिरून बायका मयतावर म्हणतात ती शोकगीतं तो गोळा करत राहिला, १९४३ साली त्यांचंच पहिलं पुस्तक निघालं. नंतर कादिरलीत टाईपरायटर घेऊन अर्ज लिहून द्यायचं काम केलं, जमिनीचे तंटे, आगाची दांडगाई, सगळं लोक त्याच्यासमोर बसून सांगायचे. आणि त्याने कान देऊन ऐकलं. कादंबऱ्यांमधली भाषा त्या शोकगीतांतून आली आणि माणसं त्या अर्जांतून, असं मला वाटतं.

१९५० साली कम्युनिस्ट प्रचाराच्या आरोपाखाली अटक झाली. सुटल्यावर इस्तंबूल गाठलं, नाव बदललं आणि जुमहुरियेत पेपरात रिपोर्टर झाला. त्याच पेपरात 'इंजे मेमेद' आधी क्रमशः आली, पुढे तिचे आणखी भाग निघाले, चौथा यायला १९८७ उजाडलं. बायको थिल्दाने त्याची बरीच पुस्तकं इंग्रजीत नेली. सरकारशी मात्र जमलंच नाही. 'इंजे मेमेद'वरचा १९८४ चा सिनेमासुद्धा तुर्कस्तानात परवानगी नाही म्हणून युगोस्लाव्हियात शूट झाला, आणि कुर्दांच्या बाजूने लिहिलं म्हणून १९९० च्या दशकात, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, पुन्हा खटले. १९९६ साली वीस महिन्यांची शिक्षा सुनावली, ती स्थगित ठेवली. पुढच्याच वर्षी जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार मिळाला. २८ फेब्रुवारी २०१५ ला इस्तंबूलमध्ये तो गेला.

वाचायला घेणार असाल तर पहिल्या भागापासूनच घ्या, आणि सुरुवातीचं काटेरी माळाचं वर्णन घाईत ओलांडू नका, नांगर धरताना त्या काट्यांनी पोराचे पाय रक्तबंबाळ होतात, आणि शेवटी गावकरी नांगरणीआधी पेटवतात तो हाच माळ.