माकडापेक्षा माणूसच मोठा नकलाकार

२००५ मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन या संशोधकांचा एक भारी प्रयोग छापून आला. एक पेटी, आत बक्षीस. दाखवणारा माणूस आधी वरच्या भोकात काठी खुपसतो, मग पुढच्या भोकातून बक्षीस काढतो. वरच्या भोकाचा बक्षिसाशी काडीचा संबंध नाही, पण पेटी काळी असेल तर ते कळणार कसं, म्हणून चिंपांझींनी पण सगळं तसंच केलं. मग दिली पारदर्शक पेटी. चिंपांझी लगेच वरचं भोक सोडून थेट मुद्द्यावर आले. आणि तीन-चार वर्षांची मुलं? वर खुपसून काही होत नाही हे समोर दिसत असताना पण ती खुपसतच राहिली!

वाटतं ना चिंपांझी जास्त हुशार? मला नाही वाटत. आदिमानवाची दगडाची कुऱ्हाड घडवणं बघा. कपचा उडवायच्या आधी दगडाची कड घासून घ्यावी लागते, बघणाऱ्याला हा नुसता टाइमपास वाटेल, पण ती स्टेप गाळली की फटका फुकट जातो. कारण माहीत नसताना पण जो सगळं जसंच्या तसं उचलतो त्याच्याच हाती कला लागते. अर्थात नुसती कॉपी केली की गाडी अडकते पण, त्या कुऱ्हाडीचा ढाचा दहा लाख वर्षांहून जास्त काळ फारसा बदललाच नाही.

आणि नवीन सुचणं वाटतं तितकं सोपं नाही हो. उभ्या नळीत छोटी बादली आणि हातात सरळ तार, असं दिलं तर चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना तार वाकवून हूक करायचं सुचत नाही. एकदा करून दाखवा, लगेच जमतं. म्हणजे लहान मुलं जात्याच क्रिएटिव्ह असतात वगैरे जे आपण म्हणतो ते जरा जपूनच म्हणायला पाहिजे.

मग ज्ञान वाढतं कसं? जीवशास्त्रज्ञ केविन लेलँड आणि मंडळींनी कॉम्प्युटरवर चक्क स्पर्धा लावली, निकाल २०१० मध्ये छापला. १०४ एन्ट्री आल्या, एन्ट्री म्हणजे कॉम्प्युटरमधल्या काल्पनिक जीवांनी कसं वागायचं याचे नियम; स्वतः शोधायचं की दुसऱ्याचं बघून उचलायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. जिंकली ती जवळजवळ फक्त कॉपी करणारी एन्ट्री. कारण प्रत्येक जण आपल्याला जमणाऱ्यातलं सगळ्यात फायद्याचं तेच करून दाखवतो, त्यामुळे कॉपी करणाऱ्याला आयतं गाळलेलं ज्ञान मिळतं. फक्त गाळायला आधी कुणीतरी काहीतरी शोधलेलं लागतं, आणि कॉपी करताना ज्या चुका व्हायच्या त्यातून पण अधूनमधून नवीन काहीतरी हाती लागायचंच.