मसाजच्या टेबलावर नाक का चोंदतं, पाय का गारठतात

मसाज करणारा माणूस तासभर हलत असतो आणि करून घेणारा तासभर पडून असतो. टेबलावरच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच आहे. खोली किती गार ठेवायची हे हलणाऱ्याच्या अंगातल्या उष्णतेवर ठरतं आणि पडलेला माणूस संकोचाने गप्प बसतो.

ठाणे-वाशी लोकलमधून घामाघूम होऊन उतरायचं, थेट एसीच्या खोलीत जायचं आणि कपडे काढून आडवं व्हायचं. पहिली पाच मिनिटं फार छान वाटतात. पण एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेतून सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो, आणि निवांत पडलेलं शरीर उष्णता तयारही कमीच करतं. उघड्या अंगाने स्वस्थ पडलेल्या माणसाला ना थंडी ना उकाडा असं वाटायला साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस लागतात. थेरपिस्टला मात्र २३ अंशांतही घाम फुटलेला असतो. अंग गारठलं की स्नायू आखडतात, आखडलेला स्नायू सैल करायला थेरपिस्ट आणखी जोर लावतो, आणि दुखलं की स्नायू पुन्हा आवळतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं बसून घाम जिरू द्यावा, अंग कोरडं पुसावं, एसी २७ च्या आसपास ठेवायला सांगावं आणि टेबलावर थेट वारा येणारा पंखा बंद करून घ्यावा. ज्या भागावर काम चालू नाही तो चादरीखालीच असावा. पावलंसुद्धा.

पालथं पडल्यावर नाक चोंदतं, ते सर्दीमुळेच असं नाही. नाकाच्या आतल्या अस्तरात बारीक शिरांचं दाट जाळं असतं. उभं असताना त्यातलं रक्त सहज खाली उतरतं. आडवं झाल्यावर ते साचतं, अस्तर फुगतं आणि वाट अरुंद होते. त्यात डोकं ठेवायची रिंग टेबलापेक्षा खाली झुकलेली असेल तर आणखी भर. रिंग टेबलाच्या पातळीला किंवा किंचित वर हवी, भार कपाळावर आणि गालांच्या हाडांवर यावा, डोळ्यांवर अजिबात नको. हनुवटी जराशी आत, मानेची मागची बाजू लांब. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढाव्यात. मुळातच नाक बंद असेल तर कुशीवर झोपून मसाज घेणं उत्तम, कारण वरच्या बाजूची नाकपुडी सहसा मोकळी होते.

घरी येऊन मसाज देतात तेव्हा ही रिंग बहुधा नसते. मग लोक मान एका बाजूला वळवून अर्धा तास काढतात आणि दुसऱ्या दिवशी मान अवघडली म्हणून मसाजला दोष देतात. अंघोळीच्या मोठ्या टॉवेलची तीन-चार इंच जाड गुंडाळी करून ती घोड्याच्या नालेसारखी वाकवावी. वाकलेल्या भागावर कपाळ, दोन बाजूंवर गाल, मधल्या फटीत नाक-तोंड.

पायांचं गणित सोपं आहे. पालथं असताना घोट्यांच्या पुढच्या बाजूखाली सहा इंचांचा लोड ठेवला की गुडघे थोडे वाकतात आणि बोटं गादीत रुतत नाहीत. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडून जातो, त्यामुळे गुडघा वाकला की तोही सैल पडतो. उताणं झाल्यावर तोच लोड गुडघ्यांखाली सरकवायचा. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत गेलेला स्नायू सरळ पायांमुळे ताणला जातो आणि कंबर कमानीसारखी वर उचलली जाते. गुडघे वाकवले की ती टेबलाला टेकते. पालथं असतानाच कंबर दुखत असेल तर पोटाखाली पातळ उशी. हाताला मुंग्या आल्या तर हात डोक्याच्या वर ताणलेला नाही ना आणि कोपराची आतली बाजू टेबलाच्या कडेवर दाबली जात नाही ना, हे पाहावं. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर फार वेळ उताणं पडू नये. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो. कुशीवर, शक्यतो डाव्या.

जोराबद्दल स्पष्ट बोलावं. शून्य ते दहाच्या मापावर पाच-सहा ठीक. श्वास रोखला जात असेल तर तो जोर जास्तच आहे, मग ‘चालेल’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

लघवीला आधी जाऊन यावं. आडवं झाल्यावर पायांतलं रक्त छातीकडे परततं, मूत्रपिंडांना जास्त पाणी बाहेर टाकण्याचा इशारा मिळतो, आणि ऐन रंगात आलेल्या मसाजमध्ये उठावं लागतं. भरपेट जेवणानंतर किमान दीड-दोन तास जाऊ द्यावेत.

उठताना घाई नको. उभं राहिल्यावर साधारण अर्धा लिटर रक्त पायांकडे व पोटाकडे उतरतं आणि मसाजनंतर सैलावलेल्या रक्तवाहिन्या ते सावरायला जरा वेळ घेतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्तच. आधी कुशीवर वळावं, हाताने रेटा देऊन बसावं, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबावं. तळवे कोरडे पुसल्याशिवाय फरशीवर पाय ठेवू नये, विशेषतः आयुर्वेदिक केंद्रातल्या लाकडी द्रोणीवरून, म्हणजे तेल-मालिशीच्या खोलगट टेबलावरून, उतरताना, कारण तिथे तेल भरपूर असतं आणि द्रोणीची उंचीही कमी नसते.