रनिंग गेम आणि ऑफेन्सचा बॅलन्स : मूल्यमापन (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

एखादी कॉलेज टीम बॉल घेऊन पळण्यात खरोखर किती तगडी आहे, आणि तिचं पळणं नि पास टाकणं एकमेकांना धरून चालतं का, हे तपासायच्या रीतींबद्दलची ही नोंद. फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट-पॅडवालं अमेरिकन फुटबॉल, चार डाउनमध्ये (प्रयत्नांत) दहा यार्ड काढायचे तो खेळ. मॅच संपली की बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) रशिंग, म्हणजे पळून काढलेल्या, यार्डचा एक आकडा येतो आणि बहुतेक चर्चा त्याच्यावरच होते, पण तो आकडा एकटा घेतला तर फसवतो, आणि कॉलेजमध्ये तर जास्तच, कारण तिथे सॅकचे (क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, टाकायच्या आधीच मागे पाडलं की गेलेले) यार्डही त्याच खात्यातून वजा होतात (खाली पाहा).

पूर्वपीठिका

कॉलेज फुटबॉलची सुरुवात साधारणपणे ६ नोव्हेंबर १८६९ च्या रटगर्स-प्रिन्सटन मॅचपासून धरतात, पण तो खेळ सॉकरच्या जवळचा होता त्यामुळे रनिंग गेमचा इतिहास तिथून सुरू करण्यात फारसा अर्थ नाही. येलचे वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने १८८० मध्ये स्क्रिमेजची रेषा (जिथून प्रत्येक प्ले सुरू होतो ती) आली आणि १८८२ मध्ये तीन डाउनमध्ये पाच यार्डचा नियम आला, तिथून पुढे यार्ड मोजण्याला अर्थ आला असं म्हणता येतं. फॉरवर्ड पास १९०६ मध्ये कायदेशीर झाला, त्याच वर्षी पाचाचे दहा यार्ड झाले, चौथा डाउन १९१२ चा. म्हणजे १९०६ च्या आधी बॅलन्स हा प्रश्नच नव्हता, सगळेच पळायचे. नंतरही कित्येक वर्षं पासकडे संशयानेच बघितलं जायचं. "पास टाकला की तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यातल्या दोन वाईट" हे वाक्य कोणी टेक्ससच्या डॅरेल रॉयल यांच्या नावावर सांगतं तर कोणी ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांच्या. दोघांच्याही टीम तशाच खेळायच्या त्यामुळे वाक्य दोघांनाही शोभतं.

ऑप्शनचा उगम

रनिंग गेम मोजायचा तर ऑप्शन समजून घ्यावाच लागतो, कारण कॉलेजचं पळणं प्रो फुटबॉलपेक्षा वेगळं पडतं ते इथेच. कल्पना अशी की डिफेन्सचा एक माणूस मुद्दाम ब्लॉक करायचाच नाही, क्वार्टरबॅकने त्याच्याकडे बघायचं, तो आत आला तर बॉल आपल्याकडे ठेवायचा, बाहेर थांबला तर देऊन टाकायचा, म्हणजे तो काहीही करो चुकतोच. आणि त्याला ब्लॉक करण्यात न गुंतलेला लाइनमन (ऑफेन्सच्या पहिल्या ओळीतला ब्लॉक करणारा) पुढच्या लाइनबॅकरवर (डिफेन्सच्या दुसऱ्या ओळीतल्यावर) जायला मोकळा होतो.

ही कल्पना नेमकी कुणाची यावर एकमत नाही. मिझुरीचे डॉन फॉरो यांनी १९४१ मध्ये स्प्लिट-टी नावाची रचना आणली, तीत क्वार्टरबॅक एंडच्या (डिफेन्सच्या ओळीतल्या टोकाच्या माणसाच्या) अंगावर धावत जाऊन शेवटच्या क्षणी बॉल ठेवायचा की पिच करायचा (बाजूच्या धावणाऱ्याकडे फेकायचा) ते ठरवायचा, आणि ही युक्ती फॉरो यांना बास्केटबॉलच्या दोनावर-एक फास्ट ब्रेकवरून सुचली असं सांगतात. स्प्लिट-टीचा सगळ्यात मोठा फायदा मात्र बड विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमाने उठवला, १९५३ ते १९५७ मधल्या त्यांच्या सलग ४७ विजयांचा विक्रम कॉलेजच्या सर्वोच्च विभागात अजून कुणी मोडलेला नाही. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या मध्याला ह्यूस्टनचे बिल योमन यांनी व्हीअर ही ऑप्शनची पद्धत उभी केली, तीत फुलबॅकसारखा (क्वार्टरबॅकच्या मागे उभ्या धावणाऱ्यासारखा) आतला डाइव्ह (सरळ मधून घुसणं), क्वार्टरबॅक आणि पिच असे तीन पर्याय एकाच प्लेमध्ये आले. सरावात एक डिफेन्सिव्ह टॅकल कुणालाच आवरेना म्हणून योमन यांनी त्याला सोडूनच द्यायला सांगितलं अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. ट्रिपल ऑप्शनच्या बाबतीत केंटकीतल्या फोर्ट थॉमस हायलँड्स हायस्कूलचे कोच होमर राइस यांचंही नाव घेतलं जातं आणि ते योमनच्या आधीचं आहे, पण कॉलेज पातळीवर ती पद्धत रुजवण्याचं श्रेय बहुतेक जण ह्यूस्टनलाच देतात आणि ते योग्य वाटतं.

विशबोन या ऑप्शनच्या पुढच्या रचनेचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. टेक्ससचे असिस्टंट एमरी बेलार्ड यांनी १९६८ च्या उन्हाळ्यात ती रॉयल यांच्यासाठी बसवली, एवढं निर्विवाद. पण फोर्ट वर्थच्या मॉनिग ज्युनियर हायचे कोच स्पड केसन यांनी १९५० च्या दशकातच एका हळू पळणाऱ्या फुलबॅकला लवकर लाइनपर्यंत पोचता यावं म्हणून पुढे उभं केलं होतं आणि बेलार्ड यांनी हायस्कूल कोच असताना ते पाहिलं होतं असं म्हणतात. हे खरं धरलं तरी केसन यांच्याकडून आली ती उभं राहायची रचना. डिफेंडर वाचायची पद्धत व्हीअरकडून आली असावी, आणि दोन्ही एकत्र करणं हे बेलार्ड यांचंच काम, हे मत जास्त पटतं. सुरुवात काही चांगली नव्हती, पहिली मॅच ह्यूस्टनशी २०-२० बरोबरीत सुटली, दुसरी टेक्सस टेककडून हरले, मग फुलबॅक जरा मागे सरकवला, क्वार्टरबॅक म्हणून जेम्स स्ट्रीटला आणलं आणि तिथून सलग ३० मॅच जिंकल्या. १९७१ मध्ये ओक्लाहोमाने याच विशबोनमधून मॅचमागे ४७२.४ रशिंग यार्ड काढले, तो विक्रम आजही कायम आहे.

शॉटगनमधून (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा राहून बॉल घेतो त्या रचनेतून) खेळतात त्या झोन रीड या ऑप्शन प्लेबद्दल असाच वाद आहे. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट रिच रॉड्रिगेझ यांची, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात सरावात क्वार्टरबॅकच्या हातून स्नॅप (प्ले सुरू करताना मागे दिलेला बॉल) नीट पकडला गेला नाही, हँडऑफ (धावणाऱ्याच्या हातात बॉल देणं) हुकला, तेवढ्यात डिफेन्सिव्ह एंड रनिंग बॅकच्या मागे आत घुसलेला दिसला म्हणून क्वार्टरबॅक स्वतःच बाहेरून पळाला, आणि रॉड्रिगेझ यांनी विचारलं की हे का केलंस. पुढे ते टुलेन, क्लेमसन, वेस्ट व्हर्जिनिया असे जात राहिले तसा हा प्लेही गेला. नॉर्थवेस्टर्नने तो त्यांच्याकडून शिकून घेतला आणि ४ नोव्हेंबर २००० ला मिशिगनला ५४-५१ हरवलं तेव्हा देशभरच्या कोचचं लक्ष गेलं. तत्त्व व्हीअरचंच आहे, ते झोन ब्लॉकिंगला (माणूस न ठरवता जागा वाटून ब्लॉक करण्याला) आणि शॉटगनला जोडलं गेलं एवढंच नवीन, त्यामुळे एकच जनक शोधण्यात फार हशील नाही.

मोजायचं कसं

पहिला मुद्दा सॅकचा. एनएफएलमध्ये (प्रो लीगमध्ये) सॅकमध्ये गेलेले यार्ड टीमच्या पासिंगमधून वजा होतात, एनसीएएमध्ये (कॉलेज खेळांच्या संघटनेत) ते क्वार्टरबॅकच्या पळण्यात धरतात आणि प्रयत्नही मोजतात. समजा टीम ३० वेळा पळाली आणि १५० यार्ड काढले, म्हणजे सरासरी ५, पण त्याच मॅचमध्ये चार सॅकमध्ये ३० यार्ड गेले तर कागदावर दिसतं ३४ प्रयत्न, १२० यार्ड, सरासरी ३.५. रनिंग गेम चांगला असून कमजोर दिसतो आणि दोष असतो पास प्रोटेक्शनचा. त्यामुळे कॉलेजचा कुठलाही रशिंगचा आकडा हातात आला की आधी सॅक बाजूला काढायचे.

दुसरा मुद्दा सरासरीचा. नऊ वेळा २ यार्ड आणि एकदा ६०, तर सरासरी ७.८ येते, आणि दुसरी टीम दहाच्या दहा वेळा ५ यार्ड काढते तर तिची सरासरी ५. पण ड्राइव्ह (बॉल हातात असतानाची सलग चाल) चालू ठेवते ती दुसरी. म्हणून सक्सेस रेट आला. याची मूळ मांडणी १९८८ च्या 'द हिडन गेम ऑफ फुटबॉल' या कॅरोल, पामर आणि थॉर्न यांच्या पुस्तकातली, कॉलेजसाठी बिल कॉनेली यांनी ती बदलून घेतली: पहिल्या डाउनला लागणाऱ्या यार्डच्या ५० टक्के, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण १०० टक्के मिळाले तर प्ले यशस्वी. फर्स्ट अँड टेनला (पहिला डाउन, दहा यार्ड हवेत) ५ यार्ड म्हणजे काम झालं, सेकंड अँड टेनला तेच ५ यार्ड म्हणजे नाही झालं. क्रिकेटमध्ये नुसती सरासरी न बघता कुठल्या परिस्थितीत कसा खेळला ते बघतात तसंच हे.

तिसरं, श्रेय कुणाचं. लाइन यार्ड नावाच्या मापात ओ-लाइनला (ऑफेन्सच्या लाइनमनना) पहिल्या ४ यार्डचं पूर्ण श्रेय, ५ ते १० पर्यंत अर्धं आणि त्यापुढे शून्य देतात, मागे ढकलले गेले तर तोटा १२० टक्क्यांनी धरतात. म्हणजे रनिंग बॅक २० यार्ड पळाला तर लाइनच्या खात्यात ४ अधिक ३ मिळून ७ जमा होतात, बाकी त्याची कमाई. जोडीला स्टफ रेट (रेषेवर किंवा मागेच अडवलं गेलेलं किती), तिसऱ्या-चौथ्या डाउनला दोन किंवा कमी यार्ड हवे असताना किती वेळा मिळाले, आणि टॅकलर अंगाला लागल्यानंतरचे यार्ड हेही बघतात. शेवटचं माप हाताने फिल्म बघून काढावं लागतं त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळतीलच असं नाही.

जुन्या-नव्या विक्रमांची तुलना करताना अजून एक अडचण येते. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने १९८८ मध्ये ११ मॅचमध्ये २,६२८ यार्ड काढले. बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी २०२४ मध्ये २,६०१ वर थांबला, तो १४ मॅचमध्ये. बॉल गेमचे (नियमित सीझननंतरच्या खास 'Bowl' मॅचचे) आकडे २००२ पासून धरायला लागले, म्हणून सँडर्सचे हॉलिडे बॉलमधले २२२ यार्ड त्या २,६२८ मध्ये नाहीत. जेंटीचा सीझन थोर होताच, समोर कायम भरलेला बॉक्स (रन अडवायला रेषेजवळ जमलेले डिफेंडर) असायचा, पण मॅचमागे बघितलं तर सँडर्सच्या जवळपास कुणी नाही.

शिवाय आकडे कुणाविरुद्ध आणि कधी काढले हेही बघावं लागतं. सप्टेंबरमध्ये मोठ्या टीम छोट्या कॉलेजांना घरी बोलावून तीनशे-तीनशे यार्ड काढतात, ते नोव्हेंबरमध्ये उपयोगाचे नसतात. आणि जिंकणारी टीम शेवटी घड्याळ पळवायला पळतेच, त्यामुळे "जास्त पळणारे जिंकतात" या विधानात बऱ्याचदा कारण आणि परिणामाची उलटापालट झालेली असते.

बॅलन्स म्हणजे काय

जुनी व्याख्या निम्मं पळणं, निम्मे पास, किंवा दोन्हीकडे दोनशे-दोनशे यार्ड. टेक्सस टेक आणि वॉशिंग्टन स्टेटचे माइक लीच याला उघड विरोध करायचे, त्यांचं म्हणणं असं की पन्नास-पन्नास म्हणजे बॅलन्स नव्हेच, बॉलला हात लावू शकणाऱ्या सगळ्या जागांवरून यार्ड आले तर तो बॅलन्स. दुसरं मत हिशेबी आहे, शेवटच्या रनमधून आणि शेवटच्या पासमधून सारखाच फायदा मिळेल तिथे प्रमाण थांबवावं. या दोन्हींत तथ्य आहे, तरी व्यवहारात जास्त उपयोगी पडते ती साधी कसोटी: समोरच्याला माहीत असताना टीम पळू शकते का, आणि समोरच्याला माहीत असताना पास टाकू शकते का. म्हणून विश्लेषक सेकंड अँड एट किंवा जास्त, थर्ड-फोर्थ अँड फाइव्ह किंवा जास्त, अशा डाउनना पासिंग डाउन म्हणून वेगळं काढतात आणि दोन्हीकडचा सक्सेस रेट स्वतंत्र बघतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ६ डिसेंबर १९६९ च्या टेक्सस-आर्कान्सा मॅचमध्ये सापडतं. टेक्सस १४-८ ने मागे, पाचेक मिनिटं राहिलेली, आपल्याच ४३ यार्ड रेषेवर फोर्थ अँड थ्री. पळण्यावर जगणारी टीम, स्ट्रीटचे दिवसभरात दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) झालेले, आणि रॉयल यांनी टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही घेणारा) रँडी पेशेलला लांब पास सांगितला. ४४ यार्ड मिळाले, त्यातून टचडाउन, १५-१४. पेशेलवर माणसं होती, पास अगदी नेमका पडला हे खरंच, पण सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) इतका वेळ रनवर डोळा ठेवून होता म्हणूनच ती जागा तयार झाली असं मानायला हरकत नाही. २०१३ च्या अलाबामाविरुद्धच्या मॅचमध्ये ऑबर्नने हेच नव्या रूपात केलं, ३२ सेकंद राहिलेले असताना निक मार्शल बॉल ठेवून पळाला, कॉर्नरबॅक (कडेला पास अडवणारा डिफेंडर) त्याला अडवायला पुढे आला आणि मार्शलने रेषा ओलांडायच्या आत सॅमी कोट्सला ३९ यार्डचा पास दिला.

अशा प्लेला कॉलेजचे नियम मदत करतात. पास हवेत जायच्या आधी लाइनमनना रेषेपुढे ३ यार्डपर्यंत जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच यार्ड, त्यामुळे ब्लॉकिंग रनसारखं दिसतं आणि लाइनबॅकर फसतो. हॅशमार्कमधलं (मैदानावरच्या खुणांच्या ज्या दोन ओळींच्या आतून किंवा वरून प्ले सुरू होतो त्यांच्यातलं) अंतरही ४० फूट आहे, प्रोमध्ये साडेअठरा. बॉल हॅशवर असला की मैदानाची एक बाजू खूप रुंद होते आणि तिकडे ऑप्शन किंवा स्वीप (कडेने वळसा घालून पळणं) पळवायला जागा मिळते. क्वार्टरबॅक स्वतः पळणारा असेल तर ऑफेन्सचा एक माणूस वाढतोच. म्हणून "पास नेहमीच फायद्याचा" हा एनएफएलच्या आकडेवारीतून आलेला निष्कर्ष कॉलेजला जसाच्या तसा लावू नये. मात्र प्ले-अ‍ॅक्शन (रनचं सोंग करून टाकलेला पास) चालायला आधी भरपूर पळावं लागतं ही कोचमंडळींची जुनी समजूत त्याच आकडेवारीत टिकलेली नाही.

२०२२ पासून कमरेखालच्या ब्लॉकवर आणखी बंधनं आली, टॅकल बॉक्सच्या (लाइनच्या मधल्या भागाच्या) बाहेर ते आता चालत नाहीत, याचा फटका आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या लष्करी अकादमींच्या ऑप्शन टीमना बसला आणि त्यांनी शॉटगनकडे थोडं झुकायला सुरुवात केली. तरी आर्मीने २०२४ मध्ये १२ मॅच जिंकल्याच.

डिव्हिजन टू आणि थ्रीमध्ये (कॉलेज फुटबॉलच्या खालच्या पातळ्यांवर) काम अजून बॉक्स स्कोअर आणि फिल्मवरच चालतं. तिथले असिस्टंट कोच प्रत्येक प्लेला डाउन, अंतर, हॅश, फॉर्मेशन असे टॅग लावून आपल्याच टीमचा सेल्फ-स्काउट करतात, म्हणजे अमुक फॉर्मेशनमध्ये आपण दहातले नऊ वेळा पळतोय हे समोरच्याच्या लक्षात यायच्या आधी आपल्याला दिसावं आणि पुढच्या शनिवारी त्याच फॉर्मेशनमधून एक पास तयार ठेवता यावा.