लेट फी माफ होणं वेगळं, क्रेडिट कार्ड सेटल करणं वेगळं. कृपा करून एकात एक घालू नका

परवा परत तेच ऐकलं, "अरे कस्टमर केअरला फोन लाव, जरा घासाघीस कर, माझ्या मित्राचे ९० हजारांचे ५५ करून दिले." अहो, ती घासाघीस नाही, ते सेटलमेंट आहे, आणि हे दोन्ही एकच समजून लोक वर्षानुवर्षं भोगतात म्हणून हे लिहायला बसलो.

फी माफीचं बहुतेकांना माहिती असतं. ड्यू डेट हुकली, एरवी तुम्ही वेळेवर भरता, फोन करून नीट सांगितलं की पहिल्यांदाच झालंय, तर बऱ्याचदा रिव्हर्स करतात. वार्षिक फीचंही तसंच. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ड्यू डेटनंतर तीन दिवसांच्या आत पैसे भरले तर लेट फी लावताच येत नाही, तिथे विनंती कसली करताय, हक्काने मागा. व्याजाचा दर मात्र फोनवर सहसा कोणी खाली आणत नाही, बऱ्याच कार्डांवर तो महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के असतो, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५. थकलेली रक्कम ईएमआयवर टाकली तर दर बराच उतरतो, माझं मत विचाराल तर आधी हेच करा.

आता खरी गोम कुठे आहे ते सांगतो. माफीत आधी तुमची बाकी कमी होते आणि मग तुम्ही ती पूर्ण भरता. समजा लेट फी १,३०० लागली, त्यावर १८ टक्के जीएसटी २३४, एकूण १,५३४. फी आणि जीएसटी दोन्ही परत आले तर पुढच्या स्टेटमेंटला ते जमा दिसतात, उरलेलं तुम्ही भरता, हिशोब शून्य. सेटलमेंटमध्ये बाकी कमी होतच नाही. बँकेच्या वहीत ९० हजार येणं ९० हजारच राहतं, बँक म्हणते ५५ द्या, बाकीचे ३५ आम्ही बुडीत धरतो. बुडीत धरले म्हणजे तुम्ही बुडवले, आणि तसंच सिबिलला, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवलं जातं: खात्यापुढे 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येतं.

हा एक शब्द काय करतो ते माझ्या मामेभावाच्या घरी पाहिलं. वसुलीवाल्याने फोनवर गोड बोलून "विषय संपला, तुमचं कार्ड क्लोज" असं सांगितलं, ह्याने पैसे भरले आणि विसरून गेला. चार वर्षांनी होम लोनची फाइल टाकली तर बँकेतल्या बाईंनी सिबिलचा रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवून पेनाने 'सेटल्ड'च्या ओळीखाली रेघ मारली. बिल्डरला टोकन दिलेलं, वहिनी बाजूला बसलेल्या, आणि हा म्हणतोय अहो पण मी तर सगळे भरलेत. त्याला खरंच तसं वाटत होतं.

म्हणून फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, हे वसुलीवाले मला मनापासून खटकतात, 'माफ' आणि 'सेटल' हे शब्द ते हवे तसे फिरवतात. एकच विचारा, "पैसे भरल्यावर सिबिलला काय कळवणार, क्लोज्ड की सेटल्ड?" उत्तर बँकेच्या ईमेलवर लेखी येईपर्यंत एक रुपया भरू नका. नोकरी गेली, घरात आजारपण आहे, सगळे पैसे येणं शक्यच नाही, तर सेटलमेंट जरूर करा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त काय करतोय ते माहिती असू द्या.

आणि आधीच सेटल केलं असेल तर बँकेला लेखी विचारा की उरलेले भरले तर 'क्लोज्ड' करून देणार का. हो म्हणाले तर भरा, नो ड्यूज लेटर (काही येणं बाकी नाही असं बँकेचं पत्र) घ्या, दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. लेटर हातात असूनही रिपोर्टमध्ये बदल नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला पैसे लागत नाहीत. मामेभावाने उरलेले भरलेत, आता लेटरची वाट बघतोय.